मास्तरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : केसांची चाचणी आणि आपली पोरं

मास्तर, नमस्कार.

"गांजानं पोरं वाया चालली आणि तुम्ही केसांच्या चाचणीला विरोध करून त्यांना पाठीशी घालता," असं माझ्या आधीच्या लेखावर तुम्ही निपाणीहून लिहिलंत. तुमची तळमळ कळते. पण माझा विरोध केसांतून अमली पदार्थ शोधणाऱ्या या चाचणीला नव्हता, तिचा पहिला अहवाल हातात येताच पोराला वसतिगृहातून काढण्याला होता.

लघवीत बहुतेक अमली पदार्थ दोन-चार दिवसच दिसतात, केसात तीन महिने, हे तुमचं बरोबर. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणून टाळूलगतचे सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर कापून घेतात.

आता तुमच्याच गावचं बघा. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाईनं जन्मात विडी ओढलेली नसते, तरी पूड तिच्या केसांवर बसतेच. तिच्या केसात निकोटिन निघालं तर तिला व्यसनी म्हणाल का? गांजाचा धूरही तसाच बसतो. म्हणून आधी केस धुवायचे, मग शरीरानं पचवल्यावर तयार होणारा कार्बॉक्सी-टीएचसी शोधायचा. तो इतका कमी असतो की मास स्पेक्ट्रोमेट्रीसारखी (रेणूंच्या वजनावरून पदार्थ नेमका ओळखणारी) दुसरी, महागडी चाचणी लागते. पहिली इम्युनोअ‍ॅसे म्हणजे प्रतिपिंडांनी पदार्थ हुडकणारी, पण नुसती चाळणी. खोकल्याच्या औषधातलं कोडीन शरीरात थोडं मॉर्फिन होतं, आणि अफूवर्गाची चाळणी तिथेही होकार देऊ शकते. हेरॉइनची खास खूण, ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन, दुसऱ्या चाचणीतच पक्की होते.

टोरांटोच्या मदरिस्क प्रयोगशाळेनं बरीच वर्षं चाळणीवरच भरवसा ठेवला. त्या निकालांच्या आधारे आयांपासून मुलं काढून घेतली गेली. २०१५ च्या चौकशीत ते निकाल विश्वासार्ह नव्हते असं ठरलं, पण तोवर काही मुलं दत्तकही गेली होती.

माझ्या भाच्याला एका कॉलेजनं असंच घरी पाठवलं. अहवाल इंग्रजीत, नोटीस कन्नडमध्ये, आणि खानापूरकडची त्याची आई फक्त मराठी वाचणारी. दुसरी चाचणी झाली का, एवढंच आम्ही विचारत होतो. उत्तर आलं नाही. पोरगं महिनाभर कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं.

मास्तर, पालकसभेत तुमच्या शब्दाला वजन असणार. दुसऱ्या चाचणीशिवाय नाव फुटणार नाही, उरलेला नमुना जपून ठेवतील आणि अहवाल घरच्यांच्या भाषेत समजावतील, एवढं तिथे लिहून घ्या. मसुदा मी करते. रविवारी बेळगावहून सकाळच्या एसटीनं निपाणीला येते, सभेआधी दोघं मिळून वाचू.