तर्कशास्त्राचा अर्धा पेपर 'जर-तर'ला द्या

एमए तत्त्वज्ञानाच्या तर्कशास्त्राच्या पेपरात काय ठेवायचं नि काय काढायचं, यावर सध्या आमच्या ग्रुपवर रोज खडाजंगी चालू आहे. कुणाला गोडेल (अपूर्णतेची प्रमेयं मांडणारा तर्कशास्त्रज्ञ) हवाच आहे, कुणाला भारतीय तर्कशास्त्राचं वेगळं युनिट. चार क्रेडिट म्हणजे 60 तास. त्यात सगळं कोंबलं की कशालाच धड न्याय मिळत नाही.

माझं मत विचाराल तर अर्धा पेपर नुसत्या 'जर-तर'ला द्यावा.

कोपीच्या पाठ्यपुस्तकातले अनुमानाचे 19 नियम पोरं बीएलाच घोकून येतात. सिद्धता सोडवतात, मार्कही पडतात. पण त्यांना विचारा, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं" हे खरं की खोटं? सत्यता कोष्टक (भागांच्या खरे-खोटेपणावरून अख्खं विधान खरं की खोटं ते ठरवणारा तक्ता) म्हणतं खरं, कारण मिशा नाहीतच, पूर्वांग, म्हणजे 'जर'चा भाग, खोटं; आणि पूर्वांग खोटं की अख्खं जर-तर खरं, विषय संपला. बरं, मग "मिशा असत्या तर मावशी म्हटलं असतं" हे? कोष्टकाच्या हिशेबाने तेही खरंच! वर्गात हशा पिकतो, पण नेमकं बिघडलं कुठे ते कुणाला सांगता येत नाही.

कोष्टकाच्या या सैल जर-तरला कंटाळून तर्कशास्त्रज्ञ सी. आय. लुइसने 1918 मध्ये त्यात अनिवार्यता आणली: 'जर' खरं आणि 'तर' खोटं असणं शक्यच नसेल, तरच विधान खरं. पण ती आत्याबाईला फारच कडक पडते. मिशा असूनही काका न म्हणणारं एखादं जग कल्पिता येतंच की. पुढे क्रिपकेने अशा संभाव्य जगांची, म्हणजे गोष्टी जशा असू शकल्या असत्या त्या शक्यतांची, घडी नीट बसवली आणि स्टॉलनेकर (1968) व डेव्हिड लुइस (1973) म्हणाले, सगळी जगं कशाला, पूर्वांग खरं असलेलं जे जग आपल्या जगाशी सर्वांत मिळतंजुळतं असेल तिथे बघा. आता मिळतंजुळतं कुणी ठरवायचं? यावर खुशाल दोन तास भांडावं.

आणि न्यायदर्शन, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राची मुख्य परंपरा, इथेच यावं, शेवटच्या युनिटात शोभेला नको. नैयायिक ज्याला 'तर्क' म्हणतात तो याच जातीचा आहे, "इथे अग्नी नसता तर धूरही नसता." तरी त्यांच्या लेखी तर्क हे स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचं साधन) नाही, प्रमाणाला हातभार लावणारा. का नाही? हा प्रश्न स्टॉलनेकरच्या शेजारी ठेवून शिकवला तर काही हाती लागेल. एरवी पोरं पंचावयव वाक्य (न्यायाचं पाच पायऱ्यांचं अनुमान) पाठ करतात आणि त्यातलं ठरलेलं उदाहरण, पर्वतावरचा धूर, उत्तरपत्रिकेत सोडून घरी येतात.

उरलेल्या वेळात लबाडाचा विरोधाभास ("मी खोटं बोलतोय" हे खरं की खोटं?) आणि त्यातून वाट काढत सत्याची व्याख्या करणारा थोडा टार्स्की. गोडेलची अख्खी सिद्धता मात्र नको. त्याने काय सिद्ध केलं आणि काय नाही, एवढं एका तासात सांगावं, म्हणजे त्याच्या नावावर जे काहीबाही खपवलं जातं ते तरी कमी होईल. ज्याला पूर्ण हवंय त्याला गणित विभागात बसू द्या, क्रेडिटही द्या.

नियम विचारले की पेपर तपासायला सोपा जातो, हे मलाही कळतं. माझ्या पेपरात प्रत्येक परीक्षक वेगळे मार्क देईल. देऊ दे की, मॉडरेशन कशासाठी असतं?