‘एका सहीत निधी बंद’: इतकं सोपं असतं तर

एक फॉरवर्ड सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपपासून न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपपर्यंत फिरतोय. शब्द इकडेतिकडे बदलतात, मजकूर साधारण असा: ‘अमेरिकेतली सँक्च्युअरी शहरं केंद्राचा पैसा घेतात आणि केंद्राचाच कायदा धाब्यावर बसवतात. बेकायदा राहणाऱ्यांना पकडणाऱ्या आईसला मदत करणं स्थानिक पोलिसांना बंधनकारक आहे. ही शहरं गुन्हेगारांना लपवतात. कायदेशीर आलेल्या भारतीयांना याची झळ नाही. अध्यक्षांनी एक सही केली की सगळा निधी बंद!’

सँक्च्युअरी म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन यंत्रणेला, म्हणजे आईसला (ICE), स्थानिक पोलिसांनी करायच्या मदतीवर मर्यादा घालणारी शहरं. फॉरवर्डमधलं मदतीचं विधानच चुकीचं आहे. आईसला मदत करणं बंधनकारक नाही.

भारतात वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जातं आणि त्याचं कारण आपल्या राज्यघटनेत आहे. कलम 256 नुसार संसदेचे कायदे पाळले जातील अशा बेताने राज्याने कारभार करायचा असतो आणि त्यासाठी केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं. निर्देश धुडकावले तर पुढे कलम 365 आहेच. अमेरिकेच्या घटनेत असं कलमच नाही. केंद्राचा कायदा तिथेही श्रेष्ठ आहे, राज्याला त्याच्या आड येता येत नाही. पण तो राबवण्यासाठी राज्याची माणसं केंद्राला हुकूम सोडून कामाला जुंपता येत नाहीत.

हे तत्त्व डाव्यांनी शोधून काढलं असं कुणाला वाटत असेल तर त्याने 1997 चा प्रिंट्झ खटला बघावा. पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलीसप्रमुखांनी तपासावी असं केंद्राच्या ब्रेडी कायद्यात होतं. मोंटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ कोर्टात गेले: आम्ही तुमचे नोकर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि निकालपत्र लिहिलं परंपरावाद्यांचे लाडके न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी. बंदूकवाल्यांच्या आनंदाचा तो निकाल आज शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोचे वकील छातीला लावून फिरतात! 2018 मध्ये न्यू जर्सीने सामन्यांवरच्या बेटिंगचा खटला जिंकला तोही याच तत्त्वावर.

खुद्द इमिग्रेशनचा कायदा काय म्हणतो? स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनचे अधिकार देण्याची सोय 1996 मध्ये आली, तिला 287(जी) म्हणतात. त्यासाठी आईसशी लेखी करार करावा लागतो आणि तो ऐच्छिक असतो. मदत मुळातच बंधनकारक असती तर कराराची गरजच काय होती? त्याच वर्षीचं कलम 1373 फॉरवर्डवाल्यांना जवळचं आहे. पण ते एवढंच म्हणतं, की एखाद्याच्या नागरिकत्वाची किंवा इमिग्रेशन स्थितीची माहिती केंद्राला कळवायला मनाई करू नका. माणूस अडकवून ठेवा असं ते कुठेही म्हणत नाही, आणि ते घटनेत बसतं का यावरही न्यायालयांचं एकमत नाही.

फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची आहे: राज्य स्वतःच्या शहरांवर सक्ती करू शकतं. टेक्सासने 2017 मध्ये तसा कायदा केला आणि अपील न्यायालयात तो बहुतांशी टिकला. मनाई आहे ती वॉशिंग्टनच्या सक्तीला.

आता लपवण्याचं. कुठल्याही शहरात पोलिसांनी माणूस तुरुंगात आणून बोटांचे ठसे घेतले की ते एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे आईस ज्याचा भाग आहे त्या केंद्रीय खात्याच्या, नोंदींशी ताडले जातात. शहर सँक्च्युअरी असो वा नसो. म्हणजे कोण आत आहे हे आईसला कळतंच. मग आईस तुरुंगाला डिटेनर पाठवते: सुटकेची वेळ झाली तरी हा माणूस आणखी 48 तासांपर्यंत धरून ठेवा. हा कागद विनंतीचा आहे, आदेशाचा नाही, असं फिलाडेल्फियातल्या संघीय अपील न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट सांगितलं. सोबतच्या वॉरंटवर सही असते ती आईसच्याच अधिकाऱ्याची. न्यायाधीशाने तो कागद पाहिलेलाही नसतो.

आणि विनंती मानली तर? त्याच वर्षी ओरेगनमधल्या क्लॅकमास काउंटीला (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) उत्तर मिळालं. केवळ डिटेनरच्या भरवशावर तिथल्या तुरुंगाने एका बाईला धरून ठेवलं होतं. संघीय न्यायालयाने तो तिच्या घटनादत्त हक्काचा भंग ठरवला आणि जबाबदार धरली काउंटी. आईसच्या कागदासाठी भरपाईचा भुर्दंड आपल्या माथी येतो हे कळल्यावर अनेक काउंट्यांच्या वकिलांनी तुरुंगप्रमुखांना आवरायला सांगितलं. यात कुणाच्या विचारसरणीचा फारसा प्रश्न नव्हता.

न्यू जर्सीचं उदाहरण घ्या, कारण एडिसन आणि आसपास आपली मंडळी बरीच आहेत. 2018 मध्ये तिथले तेव्हाचे ॲटर्नी जनरल, भारतीय वंशाचे गुरबीर ग्रेवाल यांनी इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह काढलं. केवळ इमिग्रेशन स्थितीवरून पोलिसांनी कुणाला थांबवायचं नाही, की अटक करायची नाही. मात्र हिंसक किंवा गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्याच्या सुटकेची खबर आईसला देता येते, त्याला त्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत धरूनही ठेवता येतं. दोन काउंट्यांनी याला आव्हान दिलं, 2021 मध्ये त्या अपिलात हरल्या. आणि आईस स्वतः तिथे येऊन धरपकड करते, तिला कुणी अडवू शकत नाही. याला लपवणं म्हणत असतील तर म्हणोत.

‘कायदेशीर भारतीयांना झळ नाही’ हे वाक्य तर एच-4 व्हिसावरच्या बाईने लिहिलेलं नक्कीच नाही. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. नवरा हात उचलतो तेव्हा 911 लावायचा की नाही हे ठरवताना दारात येणारा पोलीस आधी कागद मागेल का, हा प्रश्न तिच्या मनात असतोच. शिवाय निधी कापला तर व्हिसा विचारून कापला जात नाही. 2025 मध्ये वाहतूक खात्याने रस्त्यांच्या आणि होमलँड सिक्युरिटीने आपत्ती निवारणाच्या पैशांना आईसशी सहकार्याची अट जोडली. त्या रस्त्यांवरून रोज कामावर जाणाऱ्यांत ग्रीन कार्डवालेही आहेत.

उरली ती सही. निधीवर अट घालता येतच नाही असं मी म्हणत नाही. 1984 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दारू पिण्याचं किमान वय 21 न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापायचं ठरवलं. साउथ डकोटा भांडलं आणि 1987 मध्ये हरलं. पण त्या निकालात पट्टी आखून दिली: अट काँग्रेसने घातलेली हवी, आधी स्पष्ट सांगितलेली हवी, त्या निधीच्या हेतूशी संबंधित हवी आणि पैशाच्या दडपणाने सक्ती होता कामा नये. साउथ डकोटाचे जाणार होते महामार्ग निधीतले 5 टक्के. 2012 मध्ये राज्यांचा सगळा मेडिकेड निधी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा पैसा, पणाला लागला, तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याला डोक्याला लावलेली बंदूक म्हटलं.

राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा प्रयोग तर होऊन गेलाय. ट्रम्प यांनी 25 जानेवारी 2017 ला आदेश काढला, एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी तो रोखला. 2025 मध्ये नवे आदेश निघाले, एप्रिलमध्ये त्याच न्यायाधीशांनी तेही रोखले. रस्ते आणि आपत्ती निवारणाच्या अटी ऱ्होड आयलंडच्या न्यायालयात अडकल्या. सरकारच्या बाजूने काहीच लागलं नाही असंही नाही: पोलिसांच्या एका अनुदानावरच्या अटी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये उचलून धरल्या, शिकागोच्या न्यायालयाने मात्र धुडकावल्या होत्या.

पैसे कुणाचे कापायचे, हाही घोळच. मे 2025 मध्ये होमलँड सिक्युरिटीने सँक्च्युअरी ठिकाणांची यादी लावली. तिच्यात कॅलिफोर्नियातलं हंटिंग्टन बीच होतं, जे काही महिन्यांपूर्वीच स्वतःला नॉन-सँक्च्युअरी म्हणवून मोकळं झालं होतं. शेरीफांची राष्ट्रीय संघटना खवळली आणि काही दिवसांत यादी संकेतस्थळावरून गायब झाली.

सरळ मार्ग काँग्रेसचा. 2016 मध्ये सेनेटमध्ये अशा शहरांचा काही निधी तोडणारं विधेयक आलं, पुढे सरकायला 60 मतं हवी होती, मिळाली 53. पुढच्या वर्षी प्रतिनिधीगृहाने तसंच एक विधेयक 228 विरुद्ध 195 मतांनी मंजूर केलं. सेनेटने ते मतदानाला घेतलंच नाही.