कामगंध सापळे माणशी वाटू नका, शिवाराला द्या

दर पावसाळ्यात कापूस पट्ट्यात कामगंध सापळ्यांचं वाटप होतं. माणशी पाच सापळे, त्यात लावायच्या गंधाच्या पाच गोळ्या, एक फोटो, विषय संपला. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. सापळा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कापसाचं बोंड आतून खाणाऱ्या गुलाबी बोंडअळीविरुद्ध माणसाच्या हाती आलेलं सगळ्यात हुशार हत्यार हा गंधच आहे. पण तो या अळीचा पुढे जो पतंग होतो त्याच्यासाठी आहे, आणि पतंगाला तुमच्या सातबाऱ्याची हद्द कळत नाही.

आधी हा गंध म्हणजे काय ते बघू. मादी पतंग रात्री पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून तो हवेत सोडते आणि नर त्याचा माग काढत येतो. कीटकांचा असा गंध पहिल्यांदा ओळखला तो 1959 मध्ये जर्मनीत, आडोल्फ बुटेनांट यांनी, रेशीम पतंगाचा. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या. गुलाबी बोंडअळीनं शास्त्रज्ञांना आणखी दमवलं. 1966 मध्ये अमेरिकेत एक रेणू सापडल्याचं जाहीर झालं, त्याचं नावही ठेवलं गेलं, पण शेतात नर त्याला विचारेनात. खरं उत्तर 1973 मध्ये मिळालं: गॉसिप्ल्युअर. हा एक रेणू नसून दोन रेणूंचं जवळपास निम्मं-निम्मं मिश्रण आहे. दोन्ही सोळा कार्बनच्या साखळीचे ॲसिटेट, फरक एका दुहेरी बंधाच्या वळणाचा. त्यातला ठरावीक एकच रेणू वापरला तर तो साठवणीतल्या धान्यावरच्या पतंगाचा गंध होतो. म्हणजे मिश्रणाचं प्रमाण बिघडलं की गोळी गेली. स्वस्तातली बिननावाची गोळी घेताना हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्याचं. कामगंधाची कामं तीन, आणि आपण तिन्हींची खिचडी करतो.

पहिलं काम निरीक्षण. एकरी दोन सापळे पुरतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे उपाय करायची वेळ आली, असं धरतात. वाटपातले पाच सापळे म्हणजे अडीच एकरांच्या निरीक्षणाची सोय. त्यांनी अळी कमी होईल असं सांगणं ही फसवणूक आहे.

दुसरं काम मोठ्या प्रमाणावर नर पकडणं, एकरी आठ ते दहा सापळे लावून. यात एक गणित आडवं येतं. सापळ्यात फक्त नर येतात, आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरातले ऐंशी नर पकडले तरी उरलेले वीस बहुतेक माद्यांचं काम भागवू शकतात. म्हणून पतंग अगदी थोडे असतात तेव्हा, हंगामाच्या सुरुवातीलाच, याचा उपयोग. बोंडं किडल्यावर सापळे टांगणं म्हणजे नुसती शोभा.

लावण्यातल्या चुकाही त्याच त्या. हेलिकोव्हर्पाची किंवा स्पोडोप्टेराची, म्हणजे दुसऱ्याच अळीची, गोळी सापळ्यात आणि शेतकरी म्हणतो पतंगच नाही. पाकिटावर अळीचं नाव वाचा. गोळी उघड्या हातानं लावू नका. एका जातीची गोळी हाताळून त्याच हातानं दुसरी लावली तर गंध मिसळतो. पाकीट कीटकनाशकाच्या बाटल्यांशेजारी ठेवू नका, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. गोळी तीन ते चार आठवड्यांनी बदला, आणि जुनी धुऱ्यावर फेकू नका, ती तिथूनही गंध सोडत राहते. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर हवा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, वाढते, सापळा तिथेच राहतो आणि ऑगस्टअखेर पानांत बुडतो. सापळ्याच्या पिशवीचं खालचं तोंड बांधायचं राहून गेलं तर पतंग वरून येतो आणि खालून जातो. हे हसण्यावारी नेऊ नका, असे सापळे शिवारात हवे तेवढे दिसतात.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मीलनात अडथळा. इथे नर पकडायचाच नसतो. गंध भरलेल्या प्लास्टिकच्या बारीक नळ्या, म्हणजे ज्याला आपण दोरी म्हणतो, शेतभर झाडांना बांधायच्या. जत्रेत चहूबाजूंनी आपल्याच नावाची हाक आली तर माणूस जसा जागच्या जागी भिरभिरतो, तसं नराचं होतं. खरी मादी सापडत नाही. बिनमीलनाच्या मादीनं अंडी घातली तरी त्यातून अळी निघत नाही.

एकरी साधारण 160 दोऱ्या, म्हणजे पाच मीटर बाय पाच मीटरला एक. पेरणीनंतर तीस ते चाळीस दिवसांनी, पाते, म्हणजे फुलाच्या कळ्या, धरायला लागलं की बांधायच्या. पोळ्याच्या अमावस्येची वाट बघत बसू नका, तोवर पहिल्या माद्यांचं मीलन उरकलेलं असतं. दोरी शेंड्याच्या जरा खाली, पानांच्या सावलीत, सैल वेढा देऊन. उघड्या उन्हात गंध लवकर उडतो आणि रेणूही खराब होतो. कडेच्या ओळींत दाट बांधा, कारण शेजारून मीलन झालेली मादी उडत येते आणि तिच्यावर या गंधाचा काही परिणाम होत नाही.

हीच खरी गोम. एका एकराच्या तुकड्याला चारही बाजूंनी कडा जवळ, मधला सुरक्षित भाग जवळजवळ नाहीच. सलग शंभर एकरांत कडेचा वाटा कितीतरी कमी होतो. एकट्यानं दोऱ्या बांधल्या आणि उपयोग झाला नाही, तर दोष दोरीचा नसतो. पतंग फार वाढले असतील तेव्हाही ती हरते, कारण गर्दीत नर-मादी गंधाशिवायही एकमेकांना धडकतात.

आणखी एक. दोऱ्या बांधलेल्या शेतात निरीक्षणाच्या सापळ्यात पतंग येणं जवळजवळ बंद होतं. ते शून्य बघून निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ नर गोंधळले आहेत एवढाच; बाहेरून आलेली मादी तिथे मोजलीच जात नाही. उलट त्या सापळ्यात पतंग येऊ लागले तर दोरी संपत आली असं समजा. खरी तपासणी बोंडातच. साठाव्या दिवसापासून दर आठवड्याला डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, बघा आणि एकरी वीस हिरवी बोंडं फोडा. दोन बोंडांत जिवंत अळी निघाली की दहा टक्के झाले. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, अंड्यातून निघालेली अळी काही तासांतच आत शिरते आणि मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. 2017 मध्ये बोंडअळीनं शेतं गेली आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरायला नको.

अमेरिकेनं 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या कापसातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी (अळीला मारणारं जनुक घातलेला कापूस), कामगंध, पऱ्हाटीचा नायनाट आणि नपुंसक पतंग हे सगळं एकत्र लावलं होतं. 2006 ते 2014 मध्ये 11 अब्ज नपुंसक पतंग विमानांतून सोडले. त्यांच्या खाद्यात लाल रंग घालत, म्हणजे सापळ्यात आलेला पतंग रानातला की कारखान्यातला हे चिरडून बघता यावं. मुख्य म्हणजे बीटी तिथे चालत होतं, कारण त्याआधीच्या वर्षांत बिगर-बीटीची आश्रय पेरणी, म्हणजे अळी बीटीला सरावू नये म्हणून शेजारी साध्या कापसाचा पट्टा, खरोखर होत होती. आपल्याकडे पूर्वी 450 ग्रॅमच्या बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत यायचं ते 120 ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट कुठे गेलं ते प्रत्येकाला ठाऊक आहे. गुजरातेतल्या अळीनं पहिल्या बीटी जनुकाला दाद देणं सोडल्याचं 2010 मध्येच जाहीर झालं, पुढे दुसऱ्यालाही.

विदर्भाचं ॲरिझोना, म्हणजे अमेरिकेतलं ते कापसाचं राज्य, होणार नाही. दोन-चार एकरांची धारणा, मे महिन्यातली धूळपेरणी (पावसाआधीची कोरडी पेरणी), फेब्रुवारीपर्यंत ओढलेली फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) आणि घराशेजारी पऱ्हाटीचे ढीग, एवढं असताना पतंगाला वर्षभर घर मिळतं. त्या ढिगांतल्या आणि जिनिंगच्या सरकीतल्या अळ्या पुढच्या हंगामाचे पतंग आहेत. फरदड बंद केल्याशिवाय दोरीवर पैसा घालणं मला मान्य नाही.

तंत्र पुढे जातंय, ते चांगलंच आहे. सापळ्याच्या फोटोवरून पतंग मोजणारी ॲप आली आहेत. हेलिकोव्हर्पाचा गंध यीस्टच्या पेशींत बनवून दाखवला गेलाय, म्हणजे उद्या हे रेणू कदाचित स्वस्त होतील. पण चुकीची गोळी लावलेल्या सापळ्याचा फोटो ॲपनं कितीही अचूक मोजला तरी काय उपयोग?

माझी मागणी साधी आहे. सापळे माणशी वाटण्याऐवजी गट नंबर लागून असलेल्या पन्नास-शंभर एकरांच्या गटाला दोऱ्या द्या, आणि अट घाला: पेरणी एकाच पंधरवड्यात, डिसेंबरअखेर शेत मोकळं. शंभर एकरांना 16,000 दोऱ्या लागतात, कडेसाठी थोड्या जास्त. एवढा माल ऐन जुलैत मागून वेळेवर येत नाही, त्यामुळे गटाची यादी मे महिन्यातच तयार हवी. मधला एखादा तयार नसेल तर त्याला सोडून पुढे जाऊ नका. त्याच्या वाट्याच्या दोऱ्यांचे पैसे गटानं भरले तरी स्वस्तात पडेल.