खडखडणाऱ्या पंपाचा सक्शन व्हॉल्व्ह आवळू नका

‘सेंट्रिफ्यूगल पंपाच्या बिघाडांवर खात्रीचे उपाय’ या मथळ्याचा एक संदेश सध्या देखभाल विभागांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. पुण्याजवळच्या एका कारखान्यात भूमिगत टाकीतून पाणी उचलणाऱ्या पंपावर पाळी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि विचारले, ‘‘मामा, पहिला उपाय केला, आवाज खरंच कमी झाला. तसंच चालू ठेवू ना?’’ त्या प्रश्नामुळे हे लिहिणे भाग पडले.

पहिला उपाय असा: पंपातून खडे वाजल्यासारखा आवाज आला तर सक्शन व्हॉल्व्ह, म्हणजे पंपात पाणी येणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह, पाव भाग बंद करावा. हा सल्ला पंप मारणारा आहे. तो आवाज कॅव्हिटेशनचा असतो. इम्पेलरच्या (पंपात पाणी फिरवून बाहेर फेकणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या) तोंडाशी दाब फार उतरला की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे जास्त दाबाच्या जागी ते फुटताना धातू कुरतडतात. भाच्याच्याच पंपाचा हिशेब पाहा. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब पाण्याच्या सुमारे 9.7 मीटर उंचीइतका असतो. त्यातून 5 मीटरची उचल, पाइपातील घर्षणाचा 1 मीटर आणि 30 अंशांच्या पाण्याचा 0.4 मीटर बाष्पदाब वजा केला की जेमतेम 3.3 मीटर उरतात आणि पंपाला 3 मीटर लागतात. एवढ्या तंग हिशेबात सक्शनलाच अडथळा घालायचा, हे कोणाला सुचले कळत नाही. शिवाय पंपाच्या आलेखावर छापलेला एनपीएसएचचा आकडा, म्हणजे पंपाच्या तोंडाशी बाष्पदाबाच्या वर किती दाब लागतो तो आकडा (इथे 3 मीटर), ही सुरक्षित मर्यादा नव्हे. आयएसओ 9906 या चाचणी मानकात हेड (पंप पाणी जितके उंच चढवू शकतो ती उंची) 3 टक्क्यांनी घसरते तो बिंदू त्यासाठी धरतात, म्हणजे त्या आकड्याला पोहोचण्याआधीच कॅव्हिटेशन सुरू झालेले असते.

मग आवाज कमी का झाला? व्हॉल्व्ह आवळल्यावर प्रवाह घटला, आणि वाफेचे प्रमाण वाढले की तीच वाफ गादीसारखी होऊन फुटण्याचा आवाज दाबते. पंप उघडायला लावला तेव्हा पात्यांच्या आतल्या कडा खड्ड्यांनी भरल्या होत्या. बोट फिरवले तर कानशीसारख्या लागत होत्या. मूळ दोष सक्शनच्या गाळणीत, म्हणजे स्ट्रेनरमध्ये होता: शेवाळ आणि त्यात अडकलेला सिमेंटच्या गोणीचा तुकडा.

यात अर्धे सत्य एवढेच, की डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाणी बाहेर जाते त्या बाजूचा) थोडा आवळला तर प्रवाह घटतो, पंपाची एनपीएसएचची गरजही घटते आणि काही काळ निभावते. मात्र तोही फार आवळला तर पाणी आतल्या आत घुसळते आणि तापते.

‘मोटर जास्त अँपिअर घेत असेल तर डिलिव्हरी पूर्ण उघडा’ हा दुसरा उपायही उलटाच आहे. नेहमीच्या रेडियल इम्पेलरमध्ये प्रवाहाबरोबर लागणारी शक्ती वाढते. म्हणून तर असा पंप डिलिव्हरी बंद ठेवून सुरू करतात आणि लगेच उघडतात.

ग्लँड (फिरत्या शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) ठिबकताच कामा नये, हे संदेशातले वाक्यही चूक. दोरीच्या ग्लँडमधून सेकंदाला एखादा थेंब पडायलाच हवा, कारण दोरी आणि शाफ्टवरची नळी, म्हणजे स्लीव्ह, यांना त्याच पाण्याने थंडावा मिळतो. दोरीऐवजी एकमेकांवर घासणाऱ्या चकत्यांनी पाणी अडवणाऱ्या मेकॅनिकल सीलची गोष्ट निराळी. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरले तर ते घुसळून तापते. आणि ‘पाणी येते आहे म्हणजे फिरण्याची दिशा बरोबर आहे’ हे तर मुळीच धरून चालू नये, कारण उलट फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंपही पाणी देतो, फक्त हेड आणि प्रवाह पडतात. केसिंगवरचा बाण पाहावा आणि दिशा चुकली असेल तर मोटरच्या दोन फेजांची अदलाबदल करावी.

भाच्याच्या पंपावर आता नवा इम्पेलर आहे आणि सक्शन व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे. सक्शनची ओढ पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवणाऱ्या व्हॅक्यूम गेजचा काटा 520 मिलिमीटरवरून 440 वर आला, खडखड थांबली, आणि पाळीच्या नोंदवहीत त्या काट्यासाठी वेगळा रकाना आखला गेला आहे.