हाडांचं इंजेक्शन प्रतिकारशक्ती मारतं? खुलासा

पाळी गेल्यावर किंवा अंडाशय काढल्यावर हाडांसाठी दिलं जाणारं डेनोसुमॅबचं इंजेक्शन 'प्रतिकारशक्ती संपवतं', असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

इस्ट्रोजेन घटलं की रँक-लिगँड हा संदेश देणारा रेणू वाढतो. हाडातल्या पेशींसोबत प्रतिकारशक्तीच्या टी पेशीही तो सोडतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना त्यातून बळ मिळतं. डेनोसुमॅब तो अडवतं, त्यामुळे शंका येणं स्वाभाविक आहे. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेनोसुमॅबच्या 'फ्रीडम' या चाचणीत साडेसात हजारांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि ३ वर्षांत एकूण जंतुसंसर्ग औषधाचं आणि बिनऔषधाचं (प्लासिबो) इंजेक्शन घेणाऱ्या दोन्ही गटांत जवळपास सारखाच दिसला. फरक होता तो सेल्युलायटिस या त्वचेच्या संसर्गाच्या गंभीर प्रकारात: औषधाच्या गटात १२ जणी, दुसऱ्या गटात १. तेव्हा पाय लाल, गरम होऊन सुजला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

झोलेड्रोनिक ॲसिड या हाडांच्याच दुसऱ्या औषधाच्या पहिल्या सलाईननंतर येणारा ताप तर उलट टी पेशी तात्पुरत्या चेतवल्या गेल्याने येतो. दोन-तीन दिवसांत उतरतो.

मला खरी काळजी वाटते ती मेसेज वाचून डेनोसुमॅबचा सहा महिन्यांचा डोस चुकवणाऱ्या बायकांची. ते मध्येच थांबलं की झीज उसळून वाढते, मणके मोडू शकतात. थांबवायचंच असेल तर आधी डॉक्टरांकडून पुढचं औषध ठरवून घ्या.