चर्चमध्ये लग्न करण्यासाठी बाप्तिस्मा घ्यावाच लागतो, हे कृपया कुणालाही सांगू नका

नाताळ सरला की आमच्या वसईत लग्नांचा मोसम सुरू होतो आणि त्याच्या पाच-सहा महिने आधी मला फोन यायला लागतात. मी आमच्या धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती समाजाच्या) विवाहपूर्व शिबिरात जोडप्यांशी बोलते, म्हणून लोक हक्काने विचारतात. हल्ली बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "आंटी, मुलगी हिंदू आहे. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा करून घ्यावा लागेल ना?"

नाही, बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, करून घ्यावा लागत नाही. दोघांपैकी एक जण कॅथलिक असला तरी कॅथलिक चर्चमध्ये लग्न लागतं. दुसरी व्यक्ती हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन, कुणीही असो, आपला धर्म ठेवून वेदीसमोर उभी राहू शकते. त्यासाठी बिशपांची खास परवानगी लागते आणि तिचा अर्ज आपले फादरच पाठवतात. ही परवानगी न घेता लागलेलं लग्न चर्चच्या कायद्यात ग्राह्य नाही, म्हणून ती कुणी टाळू नये. देशाचा कायदाही आड येत नाही. 1872 चा भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा वधू-वरांपैकी एक जरी ख्रिस्ती असला तरी लागू होतो.

परवानगी मिळण्यासाठी एक वचन द्यावं लागतं आणि सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. वचन कॅथलिक जोडीदार देतो : मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथलिक म्हणून वाढावीत यासाठी मला शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची वेळेत कल्पना द्यायची असते. त्याने वचन द्यायचं नसतं. पूर्वी असं नव्हतं. 1917 च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यांच्या संग्रहात, दोघांकडूनही हमी घेतली जायची. पोप पॉल सहावे यांनी 1970 मध्ये ती अट काढली आणि 1983 च्या संहितेत तेच कायम राहिलं. इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरांतून अजून जुनाच नियम सांगितला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलांबद्दल मात्र दोघांनी लग्नाआधी मोकळेपणाने बोला. "पुढचं पुढे बघू" म्हणणारी जोडपी पुढे बारशाच्या वेळी दोन घरांच्या मध्ये सापडतात. मुलगा फादरांच्या ऑफिसात सही करून येतो आणि मुलीला त्यातलं अक्षरही सांगत नाही, हे मी पाहिलंय. हा तिच्यावर अन्याय आहे आणि चर्चच्या नियमाविरुद्धही आहे.

आता बाप्तिस्म्याबद्दल. चर्चचाच नियम सांगतो की प्रौढ माणसाने स्वतःहून इच्छा व्यक्त केलेली असावी, त्याला श्रद्धेचं पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं. कुणावरही दबाव आणून त्याला श्रद्धा स्वीकारायला लावू नये, हेही संहितेत स्पष्ट लिहिलंय. मग हॉलची तारीख ठरलीय म्हणून सूनबाईचा बाप्तिस्मा आटपून घेणं यात श्रद्धा कुठे राहिली? कुणाला खरोखर येशूची ओढ लागली तर तिने लग्नानंतर दहा वर्षांनी यावं, दार उघडंच आहे. आणि मुलगी किंवा मुलगा अनुसूचित जातीचा असेल तर आणखी एक गोष्ट आहे, जी घरात कुणी बोलत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. बाप्तिस्मा घेतला की तो जातो. हा आदेश अन्यायाचा आहे असं माझं मत आहे, पण आज तो लागू आहे. ज्या मुलीची नोकरी किंवा शिष्यवृत्ती त्यावर उभी आहे, तिला हे न सांगता बाप्तिस्म्याला बसवणाऱ्यांनी थोडा तरी विचार करावा.

दुसरा कळीचा मुद्दा : "सकाळी चर्च, संध्याकाळी सप्तपदी." दोन्ही घरांचं मन राखायची ही इच्छा मला समजते. पण एकदा चर्चमध्ये संमती दिली की दुसऱ्या धर्मविधीत पुन्हा विवाहाची संमती देणं चर्चला मान्य नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. हळद, मेंदी, साडीचोळी, मुलीकडच्या वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद याला कुणाची ना नाही, ते आनंदाने करा. आणि फक्त सप्तपदी करून हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करू म्हणाल, तर हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तीचं लग्न त्या कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलंय. मुलीकडच्यांना चर्च नकोच असेल तर बिशपांच्या आगाऊ परवानगीने 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करता येतं आणि चर्चही ते मान्य करतं.

कागदांचं थोडक्यात. कॅथलिक जोडीदाराला बाप्तिस्म्याचा दाखला नवा काढावा लागतो, साधारण सहा महिन्यांच्या आतला. कपाटातला जुना चालत नाही. लोक यावरून फादरांशी वाद घालतात. अहो, तुमचं लग्न झालं की त्याची नोंद तुमच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात होते, म्हणून ताजा दाखला पाहिला की माणूस लग्नाला मोकळा आहे की नाही ते कळतं. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत, लग्नाची घोषणा करतात तीही त्यासाठीच. दुसऱ्या जोडीदाराचा जन्माचा पुरावा आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. तिचं किंवा त्याचं आधी लग्न होऊन कोर्टाचा घटस्फोट झाला असेल, ते लग्न चर्चमधलं नसलं तरी, फादरांना पहिल्याच भेटीत सांगा. नुसता घटस्फोट चर्चला पुरत नाही, धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या चर्चच्या, न्यायालयात ते प्रकरण तपासावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. गोव्यातल्या कुटुंबांनी आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडची नोंद करायची असते. प्रोटेस्टंट मंडळ्यांचे नियम वेगवेगळे आहेत, तिथे आपल्या पाळकांना विचारा.

फादर लोकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. वर्षातून एका रविवारी प्रवचनानंतर पाच मिनिटं काढून हे वेदीवरून सांगा आणि चर्चच्या फलकावर मराठीत लावा. आमच्या आया-मावश्यांना ते तुमच्या तोंडून ऐकायचंय, माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. आणि ज्यांच्या घरी बोलणी सुरू आहेत त्यांनी हॉल आणि कॅटरर बुक करण्याआधी, किमान सहा महिने आधी, मुलाने आणि मुलीने दोघांनी मिळून फादरांना भेटावं. मुलीला घरी ठेवून तिच्याबद्दलचं सगळं मुलाच्या आईने ठरवायचं, असं करू नका.