रोजा आहे का तुझा?

२०२५ च्या मार्चमध्ये आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोहम्मद शमीच्या बाटलीवरून चांगलाच काथ्याकूट झाला. दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा उपांत्य सामना, रमजान चालू असताना सीमारेषेपाशी शमीने तोंडाला लावलेली बाटली, आणि त्यावरून बरेलीच्या एका मौलानांनी त्याला शरीयतच्या नजरेत गुन्हेगार ठरवलं. लगेच दुसरे उलेमा म्हणाले, तो प्रवासात आहे, त्याला सूट आहे. ती सूट कुराणातच आहे: आजारी आणि प्रवासी माणसाने राहिलेले रोजे नंतर पुरे करावेत. पण वाहिन्यांना विषय एवढ्यावर मिटवायचा नव्हता. ज्यांनी जन्मात रोजा धरला नाही, तेही शमीच्या रोज्यावर ठाम मत देत होते.

मी हे सगळं इंग्लंडमध्ये, लीड्सला वाचत होते, प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज थांबायची वाट बघत. माझा रोजा होता आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला त्याचा पत्ताही नव्हता. नमाज चारचौघांना दिसते, जकात घेणाऱ्याला कळते, हजहून आलेल्या माणसाच्या नावामागे गाव ‘हाजी’ लावतं. रोजा मात्र दिसत नाही. ‘रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देईन’ असं अल्लाहने म्हटल्याची हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आम्ही लहानपणी मक्तबमध्ये पाठ केली होती. जे फक्त त्याला आणि मला ठाऊक, त्यावर एवढी पंचायत कशी बसते, हा प्रश्न मला रत्नागिरीतल्या आमच्या खेड तालुक्यात कधी पडला नव्हता. परदेशात आल्यावर पडला.

गावाकडे रोजा दिसतोच, दाखवावाही लागतो. रस्त्यात भेटेल तो विचारणार, ‘रोजा आहे का तुझा?’ मोहल्ल्यातल्या चाची विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात, एसटीचा कंडक्टरही विचारतो. सहा-सात वर्षांच्या पोराने पहिला रोजा केला की गळ्यात हार घालून त्याचा फोटो जिल्हा पुरवणीत छापून येतो. यात प्रेम आहे, मी नाकारत नाही. सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला, मशिदीच्या भोंग्यावरून हाक यायची, अम्मीचे घावणे तव्यावर असायचे, इफ्तारला चार घरांतून ताटं फिरायची. तिथे रोजा मोहल्ला धरतो, आपण फक्त त्याच्याबरोबर चालायचं.

पण त्याच घरात, महिन्याच्या ‘त्या’ दिवसांत रोजा माफ असतानाही आम्ही बहिणी स्वयंपाकघराचं दार लोटून, भांड्यांचा आवाज न करता भात खायचो. भावाला कळता कामा नये. धर्माने दिलेली सूट वापरायची चोरी, कारण बाहेर प्रश्न तयार असायचा. इथे सामायिक किचनमध्ये तशाच एका दुपारी मी उपमा परतत होते. नायजेरियाची माझी फ्लॅटमेट, तीही मुसलमान, तिने विचारलं, ‘आज सुट्टी?’ मी हो म्हटलं. तिने आपली ताटली पुढे केली. तिचीही सुट्टी होती.

गर्दीतून एकदम सुटं झाल्यावर मात्र रोजा जड होतो. इंग्लंडमध्ये रोजा एकोणीस तासांचा असतो ही गावाकडची समजूत २०१५ च्या जूनमधल्या बातम्यांतून आलेली आहे. मार्चमध्ये लीड्सचा दिवस आणि रत्नागिरीचा दिवस जवळजवळ सारखाच. भुकेचं काही वाटत नाही. त्रास होतो तो झोपेचा आणि कुणी नसण्याचा. पहाटे पाचच्या आत सहरी, नऊला लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी दुकानातली पाळी. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला वीस तासच काम करता येतं, पण ते वीस तास भाड्यासाठी लागतातच. मगरीब, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडायची वेळ, पावणेसहाला आणि प्रॅक्टिकल सहापर्यंत. प्रयोगशाळेत खाणंपिणं बंद, म्हणून हातमोजे काढायचे, कोट खुंटीला लावायचा, हात साबणाने धुवायचे, कॉरिडॉरमध्ये फायर एक्स्टिंग्विशरशेजारी उभं राहून खजूर आणि पाणी, आणि परत आत. बरोबरच्यांना वाटतं, बाई टॉयलेटला गेल्या.

अशा महिन्यात बळ कुठून आणायचं? घरून सल्ला येतो, कुराणाच्या तीस भागांपैकी किती पारे झाले, खतम म्हणजे अख्खं वाचन कधी पुरं होणार. आमच्याकडे बायकांत कुराणाच्या खतमाची शर्यतच लागते, आणि व्यस्त विद्यार्थिनी त्या शर्यतीत पहिल्या आठवड्यातच मागे पडून महिनाभर खजील राहते. मी शर्यत सोडली. हजरत आयशांकडून आलेली हदीस आहे, की अल्लाहला सर्वांत प्रिय काम ते, जे नेमाने होतं, मग ते थोडं का असेना. सहरीनंतर एक पान, अरबीत आणि लगेच मराठी अर्थात. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या आयतींचा अर्थ मी अशी पहिल्यांदा सावकाश वाचते आहे. सूरह बकरातली रोज्याची आयत, ‘अल्लाह तुमच्यासाठी सोपं करू इच्छितो, अवघड नाही’, हे तर शमीच्या खटल्याच्या त्याच दिवसांत समोर आलं. हसूच आलं.

शनिवारी रात्री लीड्स ग्रँड मशिदीत तराबीला, रमजानमधल्या रात्रीच्या खास नमाजेला, जाते. ही इमारत पूर्वी कॅथलिक चर्च होती. इथे बायका सहज येतात, कुणाच्या मांडीवर पोर, कुणाच्या पिशवीत लॅपटॉप. आमच्या गावच्या मशिदीत मी आजवर आत गेलेले नाही. पुण्याच्या एका जोडप्याने २०१९ मध्ये यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं, आणि मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने पुढच्या वर्षी प्रतिज्ञापत्रात बायकांना मशिदीत यायला मनाई नाही असं सांगितलं. मनाई नाही, पण आमच्या मशिदीत बायकांसाठी जागाही नाही. मिरजोळीच्या हमीद दलवाईंच्या, त्या मुस्लिम समाजसुधारकाच्या, शेजारतालुक्यातली मुलगी मराठीत लिहिते म्हटल्यावर वाचक दोनच गोष्टींची वाट बघतात, धर्म सोडलाय की धर्म कवटाळलाय. मला रात्रीच्या नमाजेला एक सतरंजी हवी आहे, एवढंच.

म्हणून विलायत स्वर्ग आहे असं नाही. लंडनच्या मायकेला शाळेत २०२३ मध्ये मुलं जेवणाच्या सुट्टीत मैदानात ब्लेझर अंथरून नमाज पढू लागली, शाळेने बंदी घातली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या महिनाभर आधी अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात तराबी पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला होता. दोन्हीकडे मुद्दा विद्यार्थ्यांच्या नमाजेचाच, पण एकीकडे वकील आले आणि दुसरीकडे दगड. हा फरक मला लहान वाटत नाही.

परीक्षांचंही तसंच. २०१६ मध्ये रमजान जूनमध्ये आला, तेव्हा इथल्या परीक्षा मंडळांनी जास्त मुलं बसतात असे काही पेपर शक्य तिथे आधी किंवा सकाळी घेतले. वर्तमानपत्रांनी बोंब ठोकलीच. पण शाळाप्रमुखांच्या संघटनेने मुस्लिम विद्वानांना सोबत घेऊन शाळांसाठी माहितीपत्रक काढलं. आपल्याकडे २०१९ ची लोकसभा निवडणूक रमजानमध्ये आली म्हणून गदारोळ झाला, आणि ओवैसींनीच सांगितलं की हा वाद निरर्थक आहे, मुसलमान रोजाही धरतील आणि मतही देतील. त्यांच्याशी माझं फारसं जमत नाही, पण ते बरोबर बोलले.

माझी मामेबहीण २०२५ ला दहावीला होती. परीक्षा आणि रोजे एकत्र. परीक्षेसाठी रोजा सोडावा का यावर उलेमांचं एकमत नाही. घरी मात्र मामी, मौलवीसाहेब आणि क्लासचे सर या तिघांनी आपापसात ठरवूनही टाकलं होतं. तिला कुणी विचारलंच नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, गणिताच्या दिवशी नको, बाकी जमेल. सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या ताकदीचा अंदाज घेऊन दिलेलं हे उत्तर मला त्या आठवड्यातल्या सगळ्या चर्चांपेक्षा शहाणं वाटलं.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० मध्ये तो जानेवारीत आणि परत डिसेंबरअखेर असा दोनदा लागेल, तेव्हा दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा रोज्यांतून सुटलेल्या असतील. इथे तेव्हा रोजा जेमतेम दहा तासांचा असेल, आणि नेमक्या सेमिस्टरच्या परीक्षा जानेवारीत असतात.